हद्दीवरचा माझा दगड

दगड शोधायला निघालं की दगड क्वचितच सापडतात, किस्से मात्र पोतंभर गोळा होतात. टेंभी नाक्याचा शिरीष, टिटवाळ्याचा कमलाकर आणि डोंबिवलीचा मी, असे आम्ही तिघे. रविवारी शिरीषच्या गाडीतून महाराष्ट्र-गुजरातच्या हद्दीवर जायचं आणि इंग्रजांच्या काळात मोजणीवाल्यांनी पुरलेले दगड शोधायचे, हा आमचा छंद. ज्याला दगड सापडेल, त्याचं नाव त्या दगडाला! आमच्या नकाशावर ‘शिरीष’ आहेत, ‘कमलाकर’ आहेत. माझ्या नावाचा एकही नाही. हसू नका, मला याचं मनापासून वाईट वाटतं.

*

ऊन लागतं म्हणून बायकोने, स्मिताने, मला टोपी आणून दिली. पोपटी रंगाची, सुपाएवढी!

“अगं, ही घालून लोकांत जाऊ?”

“घालच. दगड सापडो न सापडो, तू तरी सापडशील!”

*

अक्षरं पुसट असली की आम्ही दगडावर तांदळाचं पीठ चोळतो आणि वरून ओलं फडकं फिरवतो. पीठ खाचांत राहतं, अक्षरं उठून दिसतात. तलासरीच्या पुढे झाडीत मला एक खांब दिसला. “मिळाला!” मी केवढ्याने ओरडलो. मूठभर पीठ चोळून झालं, तेवढ्यात कमलाकर मागच्या बाजूने म्हणाला, “अरे, इकडे टोल-फ्री नंबर आहे.”

गॅसच्या पाइपलाइनचा खांब होता!

*

एका शेतात आम्ही टेप धरून मोजत होतो. मालकांनी घरी नेलं, खुर्च्या मांडल्या, चहा-बिस्किटं दिली. मग हळूच विचारलं, “हायवेवाले ना तुम्ही? जमीन माझी घेताय की भावाची?”

“छे हो, आम्ही फक्त दगडांचे फोटो काढतो,” मी सांगून टाकलं.

मालकांनी आत तोंड करून हाक मारली, “अगं, भजी राहू दे!”

*

एकदा मी वाकून वाकून दगड शोधत बराच पुढे गेलो. एक टपरी लागली. चहावाल्याला विचारलं, “हद्द कुठे आली हो?” त्याने मी आलो होतो त्या दिशेला बोट दाखवलं. टपरीवरची पाटी गुजरातीत होती!

शिरीष तेव्हापासून ऐकवतो, “ज्याला राज्य बदललेलं कळत नाही, त्याला दगड काय डोंबल सापडणार!”

*

आणि तरीही सापडला! दोघे गाडीचं पंक्चर काढायला गेलेले आणि मी एकटाच होतो. पळसाखाली एक तिरका, घडीव दगड दिसला. पीठ चोळलं, पाणी ओतलं, चारही बाजू बघायला गोल गोल फिरलो. खालची ओळ वाचायला सरळ पालथा पडलो. अक्षरं उमटली! डोळ्यांत पाणीच आलं. फोटो काढायला जातो तर फोन बंद पडलेला. फोटो नाही तर नोंद नाही, हा शिरीषचा खाक्या. त्यांना सांगायला तसाच धावलो, टोपी तिथेच दगडावर राहिली. मी पोचेपर्यंत अंधार पडला. शिरीष म्हणाला, “पुढच्या रविवारी बघू. दगड काय पळून जातोय?”

पुढच्या रविवारी दोघांना घेऊन गेलो. दगडाला शेंदूर फासलेला, झेंडूची माळ, समोर नारळ. अक्षरांचा पत्ता नाही. आणि वर माझी पोपटी टोपी!

“घासायचं का?” शिरीष पुटपुटला. कमलाकरने चपला काढून हात जोडले होते.

फुलं घेऊन एक मावशी आल्या. म्हणाल्या, “मागच्या रविवारी कोणी मोठा भगत आलेला. पीठ वाहिलं, पाणी घातलं, फेऱ्या मारल्या, पालथा पडून पाया पडला. रडत पण होता! आम्ही लांबून बघितलं ना. एवढा माणूस रडतोय, म्हणजे देवच असणार.”

दोघे माझ्याकडे बघायला लागले. दगड तर गेलाच होता, निदान बायकोची टोपी तरी मिळावी म्हणून मी हात पुढे केला.

“हात नको लावू!” मावशी कडाडल्या. “टोपीवाल्या बाबाची आहे ती!”

शिरीषने गुपचूप नकाशा उघडला आणि मला म्हणाला, “पेन दे.”