तडेमास्तर आणि बिनआरशाचा कॅमेरा

शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी सगळे त्यांना तडेमास्तरच म्हणत. इमारतींची तपासणी करणाऱ्या एका लहानशा ऑफिसात ते एकोणीस वर्षं नोकरीला होते. काम एकच. जुन्या इमारतींच्या भिंतींना तडे गेलेले असत, त्यांचे दर तीन महिन्यांनी फोटो काढायचे. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवून साहेब ठरवणार, तडा वाढला की थांबला. वाढला तर टेकू, डागडुजी, आणि फारच वाढला तर माणसं बाहेर.

ऐकायला सोपं वाटतं ना? मग करून बघा. भिंत तीच, तडा तोच, पण वीतभर डावीकडे सरकलात की फोटो खोटं बोलायला लागतो. म्हणून प्रत्येक तड्यासाठी मास्तरांची उभं राहायची जागा ठरलेली होती. कुठे तिसरी पायरी, कुठे खिडकीच्या कट्ट्यावर कोपर, कुठे कठड्याला पाठ. या जागा कागदावर कुठेच नव्हत्या. त्या मास्तरांच्या पायांना पाठ होत्या, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

"माझा फोटो काढताना एवढी जागा शोधल्याचं आठवत नाही," बायको म्हणायची.

"तू कुठे वाढतेयस दर तीन महिन्यांनी," मास्तर म्हणायचे, आणि मग दोन दिवस घरात शांतता असायची.

त्यांचा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा, आणि जाडीला तर अर्धी झिजलेली वडी. शर्टाच्या खिशात सहज मावायचा. बटण दाबलं की कुरकुर करत भिंग बाहेर यायचं. पडद्यावर चरे पडलेले, बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने जागच्या जागी धरलेलं. अंधाऱ्या जिन्यात फोटो काढला तर दाणेदार यायचा, फ्लॅश मारला तर भिंत पांढरीफटक. पण चालत होतं. साहेब म्हणायचे, "मास्तरांनी काढलाय ना? मग झालं." या एका वाक्यावर मास्तर आठवडा काढायचे.

आणि मग मॅडम आल्या. वय सव्वीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, पायात धावायचे बूट. त्यांच्यासाठी ऑफिसने नवाकोरा मिररलेस कॅमेरा घेतला. मास्तर दोन वर्षं नव्या बॅटरीसाठी अर्ज करत होते, हे इथे सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्यांनाच वाईट म्हणाल. साहेबांनी तो कॅमेरा नवी सून दाखवावी तसा टेबलाटेबलावर फिरवला. "यात आरसा नसतो," ते सांगत होते. "पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत असायचा. तो काढून टाकला, म्हणून हा हलका."

मास्तरांनी हातात घेऊन पाहिला. हलका कसला, त्यांच्या कॅमेऱ्याच्या तिप्पट वजन.

घरी जेवताना त्यांनी ही सगळी हकिगत सांगितली. बायको म्हणाली, "आरसा तर तुमच्याही कॅमेऱ्यात नाही."

मास्तरांचा घास हातातच राहिला. खरंच की. म्हणजे आपणसुद्धा बिनआरशाचेच, आणि तेही बारा वर्षांपासून! दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात पोचल्या पोचल्या हे सगळ्यांना ऐकवलं. लोक हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "बरोबर आहे काका," त्या म्हणाल्या. "फरक आरशाचा नाहीच. आतली उजेड पकडणारी चकती माझ्यात मोठी आहे, तुमच्यात नखाएवढी. म्हणून अंधारात फरक पडतो." भांडली असती तर परवडली असती. ही बया पटवून घेऊन वर समजावून सांगते, आणि काका म्हणते ते वेगळंच.

पहिल्याच आठवड्यात मॅडमचे फोटो मोठ्या पडद्यावर लागले. मास्तर मागे उभे होते. तळघराचा तो काळोखा कोपरा, जिथे त्यांचे फोटो चिखलासारखे यायचे, तिथे फ्लॅशशिवाय प्लास्टरचा कण न् कण दिसत होता. रंगात अडकलेला ब्रशचा केससुद्धा दिसत होता. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "एकोणीस वर्षांत ही भिंत मला आज दिसली," ते म्हणाले.

बोलायला काय जातं हो साहेबांचं? मास्तर मात्र पुढे होऊन पडद्यावर एखादा दोष शोधू लागले. फोटो वाईट असता तर नावं ठेवता आली असती. फोटो चांगला होता. आपल्या कॅमेऱ्याने असा सात जन्मांत आला नसता, हे त्यांना कुणापेक्षाही जास्त कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त आग होत होती.

पुढच्या सोमवारी साहेबांनी दोघांना एका चार मजली इमारतीत पाठवलं. तिथल्या जिन्याचा तडा मास्तरांचा जुना ओळखीचा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तो भिंतीवरून तिरका वर चढायचा. भिंतीपासून चार बोटं सुटा असा पाण्याचा एक जाड पाइप तिथे उभा होता, आणि मागच्या वेळी तडा त्या पाइपपाशी येऊन थांबला होता. मधल्या काळात घरमालकाने भिंत रंगवून घेतली होती, त्यामुळे तड्याच्या टोकाशी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा गेल्या होत्या. आता भिस्त फक्त फोटोवर.

"काका, तुम्ही कुठे उभं राहून काढता?" मॅडमनी जिना चढताना विचारलं.

"असंच. कुठूनही."

वर गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. "तरी पण, ठरलेली जागा असेल ना एखादी?"

"तुमचा कॅमेरा भारी आहे मॅडम," मास्तर म्हणाले. "त्याला कसली जागा लागते."

मॅडम खालच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि फोटो काढले. तिथून बघणाऱ्याला पाइपच्या मागचं काही दिसत नाही. तडा पाइपपाशी जातो आणि संपतो. मास्तरांची जागा वरची होती, कठड्याला पाठ लावून. तिथून पाइपच्या मागची भिंत दिसते.

मॅडम खाली उतरल्यावर मास्तर आपल्या जागेवर गेले. बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तडा पाइपच्या आडून सरळ वर छतापर्यंत पोचला होता. त्यांनी खिशातून आपला कॅमेरा काढला आणि हात पाइप आणि भिंतीच्या फटीत घातला. मॅडमचा कॅमेरा त्या फटीत शिरलाच नसता. यांचा अलगद आत गेला, भिंग वर छताकडे. कुरकुर, खट. पडद्यावर तडा दिसला. पाइपमागे तो नख जाईल एवढा रुंद झाला होता.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? जिन्यावरूनच हाक मारली असती. मास्तर खाली आले आणि मॅडमबरोबर गुपचूप रिक्षात बसले.

मीटिंग शनिवारी होती. मास्तरांनी सगळं मनात ठरवून टाकलं. मोठ्या पडद्यावर तिचा फोटो लागेल. साहेब म्हणतील, तडा थांबला. तीही मान हलवेल. मग आपण उठायचं. पाच दिवसांत काय इमारत पडतेय थोडीच, असं ते स्वतःला सांगत, आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर वाट वाकडी करून ती उभी आहे ना हे बघून येत. खाली शिंप्याचं दुकान होतं. वरच्या गॅलऱ्यांतून कपडे वाळत असत. गुरुवारी शिंप्याने ओळखून हात केला. मास्तरांनी न पाहिल्यासारखं केलं.

"रोज उशीर का होतोय?" बायकोने विचारलं.

"काम वाढलंय," मास्तर म्हणाले.

शनिवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मागचा फोटो आणि मॅडमचा नवा फोटो शेजारी लागले. साहेब म्हणाले, "छान. पाइपपाशीच आहे. थांबलाय." मॅडम म्हणाल्या, "हो सर, वाढ दिसत नाही." मास्तर उठले. पायांत पंचविशीचा जोर आला होता.

"माझाही एक बघून घ्या साहेब," ते म्हणाले.

फोटो दाणेदार होता, एका बाजूने पांढराफटक होता, पण तडा दिसत होता. छतापर्यंत. मॅडमचा चेहरा उतरला, आणि मास्तरांनी तो डोळे भरून बघून घेतला. खोटं कशाला सांगू, महिनाभरात एवढं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

साहेबांनी आधी फोन उचलला. जिन्याकडच्या बाजूची घरं आजच्या आज रिकामी करा, टेकू लावायला माणसं पाठवतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मग ते पडद्याजवळ गेले. मास्तरांचा कॅमेरा जुन्या वळणाचा. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटवायचा. साहेबांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हा सोमवारचा आहे."

मास्तरांनी कॅमेरा खिशात सरकवला.

"आज शनिवार आहे, मास्तर. त्या जिन्यावरून पाच दिवस माणसं वरखाली करतायत."

साहेब मॅडमकडे वळले. "आणि तुम्ही? एकोणीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस बरोबर दिला होता. कुठे उभं राहायचं हे त्यांना विचारावंसं नाही वाटलं?"

मॅडमनी मास्तरांकडे पाहिलं. एक शब्द पुरेसा होता, आणि मास्तरांची एकोणीस वर्षं तिथेच संपली असती. पण मॅडमनी मान खाली घातली.

"राहून गेलं सर," त्या म्हणाल्या. "चूक माझीच आहे."

दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. मास्तरांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा हिचा भारी. फोटो हिचे भारी. आणि आता मनही हिचंच मोठं? सगळंच हिने घ्यायचं, मग आपल्यापाशी काय राहिलं?

"खोटं बोलतायत त्या," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "विचारलं होतं. दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही."

"का?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. शेजारी तिचा फोटो अजून तसाच लागलेला होता, स्वच्छ, शांत, कुठे एक दाणा नाही.

"जळत होतो, साहेब," ते म्हणाले. "अजूनही जळतोय."