विहिरीचा मोडी कागद

मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. शेजारचे आजोबा मला हे शिकवत होते. मी इंग्रजी माध्यमातली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात म्हणून मराठी लिहायचं टाळायची. मोडीत इकार एकच, उकारही एकच. आजोबा म्हणाले, "तुझ्यासाठीच केलीय बघ ही लिपी."

अक्षर पाहून ते कागदाचा काळ सांगायचे. बोरूचं अक्षर टपोरं. इंग्रजी अमदानीत धातूच्या टोकाचा टाक आला तसं ते बारीक, दाटीचं झालं. पुढे छापखान्याला बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, सोयीची पडली आणि मोडी आधी कचेऱ्यांतून, मग शाळांतूनही गेली. नागावात आमच्या आळीत ती आता फक्त आजोबांना यायची, आणि त्यांची नजर मंदावत चालली होती.

गेल्या उन्हाळ्यात वाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या खाला एक जुना मोडी कागद घेऊन आल्या. आमच्या काकाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि आमच्या वाडीतल्या विहिरीकडच्या वाटेवर फाटक लावलं होतं. खालांच्या बोअरचं पाणी एप्रिलपासून खारट होतं.

आजोबांची रीत ठरलेली होती. कागद दोन्ही घरांसमोर, मोठ्याने, दोनदा वाचायचा. काका आला, खाला ओटीवर टेकल्या. आजोबांनी कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, मग माझ्या हातात दिला.

अक्षर टाकाचं होतं. विहिरीचं पाणी दोन्ही घरांनी भरावं, वाट कोणी अडवू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते फक्त मलाच दिसत होतं. मला काकानेच वाढवलंय. अक्षर लागत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझं मराठी पाहता ते कोणालाही पटलं असतं.

मी वाचलं.

"आता दुसऱ्यांदा," आजोबा म्हणाले. "जरा मोठ्याने."

दुसऱ्यांदा वाचताना मी काकाकडे पाहिलं नाही. वाचून झाल्यावर तो खालांना म्हणाला, "उद्या कळशी घेऊन या. फाटक उघडं असेल."

"कळशी कशाला? पाइप आणते," खाला म्हणाल्या. "कळशीचे दिवस त्या कागदाबरोबर गेले."

संध्याकाळी घरी काकाने कपाटातून जुन्या कागदांचं गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हेपण वाच," तो म्हणाला. "आणखी कोणाची वाट अडवलीय, ते तरी कळू दे."