पंप लवकर संपतो कसा

आमच्या घराखालीच टॉवेलचे माग. सुताची भुकटी जिन्यावरून वर येते आणि माझी छाती आवळते. डॉक्टरांनी दोन औषधं दिली: सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप आणि झोपताना एक गोळी. "दोन्ही घ्यायची. एकानं भागणार नाही," म्हणाले. एकाच दुखण्याला दोन औषधं म्हणजे नुसता धंदा, असं मला वाटलं. पण उतार पडला, मग गप्प बसले.

डॉक्टरांनी माग दुसरीकडं हलवायलाही सांगितलं होतं. त्यावर नवरा "बघू की," एवढंच म्हणाला. आणि माझा वाढदिवस न आठवणारा हा माणूस माझी औषधं मात्र संपायच्या आत स्वतः जाऊन आणायला लागला. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. मी बरी राहिले की माग हलवायचा विषय निघत नाही, एवढीच याची काळजी. याचा मला फार राग यायचा.

मग लक्षात आलं, गोळ्या उरतात आणि पंप आधीच संपतो. वापरलेला पंप गळ्यात मारतो म्हणून औषधवाल्याशी भांडले. त्यानं सीलबंद खोका माझ्यासमोर फोडला. मग संशय सासूबाईंवर. आमच्यात मागावरची माणसं भुकटीवर उतारा म्हणून गूळ खातात, पंप ओढणारी मीच पहिली. त्यांना ही थेरं वाटायची; रागानं पंप हवेत उडवत असतील, असंही मनात आलं.

एका दुपारी पंप सापडेना म्हणून खाली कारखान्यात गेले. सुताच्या पोत्यांआड नवरा माझा पंप तोंडाला लावून उभा होता.

"कधीपासून?" मागांच्या खडखडाटात मला ओरडूनच विचारावं लागलं.

"लई दिवस झालं."

"आणि गोळी?"

"पाकीट रिकामं दिसलं असतं की तुला. मलाबी दमा हाय म्हणल्यावर तू माग बंदच करायला लावली असतीस. मग खायचं काय?"

म्हणजे इतके दिवस हा अर्ध्याच औषधावर, तेही चोरून. मला राग आला आणि भीतीही वाटली. मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. सगळे माग थांबले. कामगार माझ्याकडं बघत राहिले. नवरा काहीतरी बोलायला गेला, पण शब्दांआधी त्याच्या छातीतली शिट्टी ऐकू आली. रात्रंदिवस चालणाऱ्या मागांच्या आवाजात ती मला कधी ऐकूच आली नव्हती.