थोमा म्हणजे जुळा

रविवारच्या उपदेशात पाळक सहज बोलून गेले, की थोमा या जुन्या अरामी नावाचा अर्थ 'जुळा' असा आहे. लोकांनी मात्र येशूच्या थोमा नावाच्या शिष्याचा, येशू पुन्हा उठला यावरचा संशयच लक्षात ठेवला. माझं नाव थोमा. वय पन्नास, आईवडिलांचा एकुलता एक.

घरी आई लसूण सोलत बसली होती. "माझं नाव थोमा का ठेवलं?" मी विचारलं. तिचे हात थांबले, आणि मला शंका आली.

"आवडलं म्हणून," ती म्हणाली.

पण आमच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव देतात, आणि माझ्या आजोबांचं नाव पौलस होतं. हे मला इतकी वर्षं खटकलं कसं नाही? आपलं नाव आपण रोज ऐकतो, म्हणूनच बहुधा ते कुठून आलं हे विचारायचं राहून जातं.

"आई, माझ्याबरोबर आणखी कुणी होतं का?"

तिने लसूण बाजूला ठेवला. "मुलगी होती. तासभर होती. तिला नाव द्यायला वेळच मिळाला नाही. मग तुझे वडील म्हणाले, दोघांना पुरेल असं एकच ठेवू."

आता आईने हाक मारली, की मी क्षणभर थांबून मग ओ देतो.