नऊ नंबरची ओळ

माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, तेही पोर्तुगीज अमलात, एका मास्तरांच्या पडवीत बसून. त्याची लाज मी कधी धरली नाही. पुढे तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात शिपाई झालो आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. त्या कार्यालयाच्या भिंतीवरचा गणिताचा तक्ता माझ्या हाताने रंगवलेला. त्या तक्त्यापायी एका बाईंची बदली माझ्यामुळे होता होता राहिली, ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

गोवा घटक राज्य झालं, त्याच्या मागेपुढे नवे साहेब आले. शाळा कोंकणीत की मराठीत, यावरून तेव्हा घराघरात वाद. साहेब म्हणायचे, "ते लोक बघून घेतील. आपण पोरांना भागाकार येतो का ते बघू." त्यांनी तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या चौथीला एकच पेपर ठेवला. दिवाळीनंतर एकदा, मार्चात एकदा. तपासणारा मास्तर दुसऱ्या गावचा. पोरगं कुणाचं हे त्याला कळू नये म्हणून पेपरावर नाव नाही, फक्त शाळा आणि हजेरीपटातला नंबर.

गठ्ठे मी सायकलवरून आणायचो. कारकून बेरजा करायचा आणि मी तक्त्यावर चौकोन रंगवायचो. शाळा चढली तर हिरवा, घसरली तर तांबडा. रंग रेषेबाहेर कधी गेला नाही.

त्या मार्चात खाणीकडच्या एका गावची शाळा घसरली. एकच शिक्षिका, चारही वर्ग तिच्याकडे. साहेब म्हणाले, "पेपरच कठीण असेल." मी तिथेच उभा होतो. गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

"साहेब, एकेक पोर धरून बघितलं तर?"

कारकून हसला. "आता तिसरी पास माणूस आम्हाला गणित शिकवणार."

ते मला झोंबलं. दिवाळीचे गठ्ठे मी माळ्यावर ठेवले होते, रद्दीत घालू दिले नव्हते. ते काढले, मार्चचे शेजारी ठेवले आणि दोन दिवस जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात बसून नंबराला नंबर लावला. त्या शाळेच्या नऊ नंबराला दिवाळीनंतर पन्नासात अडतीस, मार्चात सात. चौदा नंबर तसाच, एकोणीस नंबर तसाच. एकूण सहा पोरं अशी कोसळलेली. कागद साहेबांच्या मेजावर ठेवला आणि म्हटलं, "पेपर कठीण असता तर सगळीच पडली असती. ही पोरं येत होतं ते विसरलीत. याचा अर्थ वर्गात कुणी शिकवत नाही."

साहेबांनी कागद पुन्हा पुन्हा बघितला. "शाबास," म्हणाले. कारकुनाने तो कागद स्वतः फायलीला लावला. तो दिवस माझा होता.

आठवड्याने बाईंच्या नावाचं पत्र निघालं. खुलासा द्या, नाहीतर जूनपासून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला बदली. बाईंच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, शाळा घरापासून पायी जाण्यासारखी, हे मला ठाऊक होतं. पण पत्र पोचवणं माझं काम, आणि खरं सांगायचं तर मला त्या नऊ नंबराला बघायचंही होतं.

बाईंनी पत्र वाचलं आणि घडी केली. मी वर्गात विचारलं, "नऊ नंबर कोण?"

एक किरकोळ मुलगी उभी राहिली. पायांना खाणीची तांबडी माती.

"दिवाळीनंतर अडतीस मिळवलेस. मग काय झालं गो तुला?"

ती बाईंकडे बघू लागली. "मी नाय. मी तेवा दोडामार्गाक होतंय. संक्रांतीनंतर हंय इलंय, आवशी-बापाशीबरोबर."

पोर संक्रांतीनंतर इथे आली, तर दिवाळीनंतरचे अडतीस कुणाचे, मला काही सुधरेना. बाई म्हणाल्या, "भाऊ, अडतीसवाली गाव सोडून गेली. तिचा बाप ट्रकावर. खाणीचं काम हललं तशी सहा बिऱ्हाडं एकदम वाळपईकडे गेली आणि त्यांच्या खोल्यांत ही सिंधुदुर्गातली नवी सहा आली. ही आली तेव्हा हिला वजाबाकी येत नव्हती. आता सात मिळवते. मी शिकवलेली पोरं तिकडच्या शाळेत पुढे जातात आणि इकडे मी मागे पडते."

"मग नंबर तोच कसा?"

त्यांनी कपाटातून हजेरीपट काढला. नवव्या ओळीत एक नाव बारीक रेघेने खोडलेलं, त्याच्यावर दुसरं नाव कोंबून लिहिलेलं. चौदाव्या ओळीतही तेच, एकोणिसाव्यातही.

"पटाच्या ओळी संपतात, भाऊ. इथे वर्षभर पोरं येतात-जातात. गेल्या जूनमध्ये दुसरा पट मागायला मी कार्यालयात आले होते. आठवतं?"

आठवत होतं. हजेरीपटांच्या कपाटाची चावी माझ्याकडे असायची. मी त्यांना म्हटलं होतं, एका वर्गाला एक पट, वर पान मिळायचं नाही, साऱ्या शाळा भागवतात तसं भागवा. तेव्हा त्या पावसातून परत गेल्या होत्या, आणि सरकारी कागद वाचवला म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

सायकल हातात धरून मी अर्धा रस्ता चालत आलो. वाटेत मनाची समजूत घालत होतो की नियम माझा नाही, एका नंबरावर दोन पोरं असल्याचं बाईंनी कळवलं नाही, पत्रावर सही साहेबांची. पण ते सहा नंबर माझ्या कागदावरून साहेबांपुढे गेले होते. गप्प राहिलो असतो तर पट मी नाकारला होता हे कुणालाच कळलं नसतं. बाई त्या खुलाशात माझं नाव लिहिणाऱ्यातल्या नव्हत्या.

सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो तेव्हा कारकून तिथेच बसला होता. तो बाहेर जाईल म्हणून थोडा थांबलो. गेला नाही. मग त्याच्यासमोरच सांगितलं. "माझा कागद चुकीचा आहे. एका ओळीत दोन पोरं होती, मी एकच धरलं. आणि एका ओळीत दोन पोरं बसवावी लागली, कारण पट मी दिला नाही."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "कोणी सांगितलं होतं न द्यायला?"

"कोणी नाही. मीच."

कारकून टोमणा मारेल म्हणून मी वाट बघत होतो. तो खाली बघून फाईल बांधत राहिला. त्याचा टोमणा मला परवडला असता.

बदलीचा कागद पुढे गेला नाही. साहेबांनी पेपरावर नंबराबरोबर शाळेत आल्याची तारीख लिहायला लावली, आणि तक्त्याला एक रकाना वाढला, किती आली, किती गेली. तो रकाना मी आखला. त्या शाळेचा तांबडा चौकोन मात्र मिटेना, रंग कागदात मुरला होता. वरून पांढरा कागद चिकटवला, तरी उजेडात तांबूस दिसायचा. साहेबांकडे येणारे पाहुणे विचारायचे, इथे काय होतं? मी सांगायचो, माझी चूक.

दोन कोरे पट घेऊन मी पुन्हा त्या शाळेत गेलो. बाईंनी ते उघडून पानं बघितली, मग पोचवही पुढे सरकवली.

"किती दिले ते लिहा, भाऊ. सही करा."

मी अक्षरात 'दोन' लिहिलं आणि सही केली. मग बाईंनी नव्या पटात नावं उतरवायला घेतली. नवव्या ओळीत गेलेल्या मुलीचं नाव तसंच लिहिलं आणि पुढे 'गेली' म्हणून शेरा मारला. दोडामार्गच्या मुलीला सगळ्यांच्या शेवटी नवी ओळ मिळाली. तिने बोट ठेवून आपला नंबर वाचला, आणि बाईंनी तिला फळ्याकडे वजाबाकी करायला पाठवलं.