आट्यांतला गंज

शुभदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातातला रिपोर्ट आधी पूर्ण भरला, सही केली, आणि मग फोनवर ‘बरं’ म्हणाले. दीड महिना झाला. रडू अजून आलेलं नाही.

कोलशेतच्या आमच्या बोल्टच्या कारखान्यात त्या तपासणी विभाग सांभाळायच्या. बोल्टवर जस्ताचा मुलामा नीट बसलाय का, हे बघणं आमचं काम. मी डोंबिवलीहून नवीनच जायला लागलेले. पहिल्या दिवशी त्यांनी एक चकचकीत बोल्ट माझ्या हातात ठेवला. “अगं, डोक्यावरची चमक सगळेच बघतात. तू आट्यांच्या खाचा बघ. मुलामा तिथे पातळ बसतो, गंज तिथूनच धरतो.” नमुने मिठाच्या पाण्याचा फवारा असलेल्या पेटीत ठेवायचे आणि ठरलेले तास लाल गंज दिसला नाही तरच माल सोडायचा… एवढं साधं.

एकदा त्या दोन दिवस रजेवर होत्या. गाडी दारात उभी, साहेब घाईत. तास भरायच्या आधीच मी ‘पास’ लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी ताई कामावर आल्या, त्यांच्यासमोरच पेटी उघडली, तर आट्यांत लाल रेघा. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि फोन करून मोहने गावातल्या गिऱ्हाइकाकडे पोचलेला माल परत बोलावला. साहेब ओरडत आले. ताई म्हणाल्या, “सही तिची असली तरी, माल सोड असं मीच सांगून गेलेले.”

त्या असं काहीच सांगून गेल्या नव्हत्या. मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले.

त्यांना पॅकिंगला टाकलं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच. त्यांची खुर्ची मला मिळाली. डबा खायला मात्र त्या माझ्याकडेच यायच्या, भाजी वाढायच्या… तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

परवा नौपाड्याला त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या यजमानांना, काकांना, सगळं सांगून टाकलं.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “ती त्याच दिवशी बोलली होती. म्हणाली, पोरगी घाबरलीय, पण पुन्हा नाही करायची.” मग त्यांनी विचारलं, “नाही ना केलंस?”

“नाही.”

काका उठून खिडकीशी गेले. ग्रिलच्या प्रत्येक स्क्रूवर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका होता, काही उडत आलेले. “दर वर्षी लावायची, गंज धरू नये म्हणून. यंदा राहिलं. माझा हात थरथरतो गं.”

त्यांच्याकडून नेलपॉलिशची बाटली घेऊन मी स्टुलावर चढले. चार स्क्रू झाले आणि बाटली संपली. वरचे दोन राहिले.

“हाच रंग मिळेल का आता?” काकांनी विचारलं.

मी बाटलीच्या बुडावरचा रंगाचा नंबर लिहून घेतला.