पहिला फोन

लोकांचे पैसे जमवून पहिल्यांदाच इमारत विकत घेऊ पाहणाऱ्यांना मी पारखतो, शिकवतो. काल वैशालीताई आल्या. भाडं, डागडुजी, कर्ज, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. शेवटी मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "बुडालं तर पहिला फोन कुणाला कराल?"

फाइलच्या रबराशी चाळा करणारं त्यांचं बोट थांबलं.

"मामींना. पण फोन नाही करणार. घरी जाऊन, समोर बसून सांगेन. शिवणकाम करून साठवलेलं दिलंय त्यांनी."

आकडेमोड कुणालाही शिकवता येते. पण हे थांबलेलं बोट माणूस घरून घेऊन येतो. मी त्यांचं नाव निवडलेल्यांच्या यादीत लिहिलं. माझ्या पहिल्या इमारतीत काकांचे पैसे बुडाले, तेव्हा मी फोनच केला होता.